मोठ्या खोलीची वाटणी

मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत वर्षं काढलेल्या माणसाने गावाकडे घर बांधायला घेतलं की त्याची पहिली मागणी ठरलेली असते: झोपायची खोली ऐसपैस हवी. मग १८ फूट लांब, १४ फूट रुंद, १० फूट उंच अशी खोली उभी राहते. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, मधोमध पंखा, एका भिंतीवर ट्यूबलाइट. पलंग एका भिंतीला, कपाट दुसऱ्या भिंतीला आणि मधे नुसती मोकळी फरशी. खोली हवेशीर असते, उजेडाची असते, तरी तिथे बसावंसं वाटत नाही. घरातली माणसं झोपण्यापुरती तिथे जातात आणि उरलेला वेळ स्वयंपाकघरात काढतात.

अशा खोलीत बहुतेक लोक सामान वाढवतात. मोठा पलंग, मोठं कपाट, शोभेची टेबलं, भिंतभर फ्रेमा. पैसा जातो आणि खोली गोदामासारखी दिसू लागते. मोठी खोली भरायची नसते, तिची वाटणी करायची असते. झोपण्याची जागा कुठे संपते आणि बसण्याची कुठे सुरू होते, हे डोळ्यांना आणि कानांना कळलं की तीच खोली आपलीशी वाटते. ही वाटणी भिंत न घालता, रंग, कापड आणि उजेड यांच्या जोरावर करता येते. त्यातलं जवळजवळ सगळं काम घरच्या माणसांनी, सुट्टीच्या दिवसांत, स्वतःच्या हातांनी करण्याजोगं आहे.

आधी कागदावर

चौकटींची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक फूट धरा आणि खोली आखा. दार कुठे उघडतं, खिडक्या आणि स्विचबोर्ड कुठे आहेत, पश्चिम कुठे आहे, हे सगळं त्यावर मांडा. पलंग, कपाट, खुर्च्या त्याच मापात वेगळ्या कागदातून कापून घ्या आणि नकाशावर सरकवत राहा. जड कपाट चार वेळा ढकलण्यापेक्षा हे सोपं पडतं.

आपल्या १८ बाय १४च्या खोलीत समजा पश्चिमेची भिंत बाहेरची आहे. विटांची नऊ इंची भिंत दुपारचं ऊन पिते आणि ती उष्णता काही तासांनी आत सोडते, म्हणजे नेमकी आपण झोपायला जातो तेव्हा. म्हणून पलंगाची उशाकडची बाजू पूर्वेच्या भिंतीला लावा. दोन माणसांचा पलंग साधारण पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो. पायथ्याशी चालायला अडीच फूट सोडले की नऊ फूट झाले. खोलीची अर्धी लांबी झोपण्याला मिळाली.

इथे, पलंगाच्या पायथ्यापासून अडीच फुटांवर, एक बुटकं पुस्तकांचं कपाट आडवं ठेवा. त्याची उंची कमरेपर्यंत, म्हणजे तीन फुटांच्या आत असावी. त्यावरून पंख्याचा वारा जातो, खिडकीचा उजेड जातो, पण बसलेल्या किंवा पडलेल्या माणसाला खोलीचे दोन भाग स्पष्ट जाणवतात. त्याच्या पलीकडच्या नऊ फुटांत खिडकीपाशी दोन खुर्च्या किंवा एक दिवाण ठेवा आणि कपड्यांची कपाटं पश्चिमेच्या भिंतीलगत उभी करा. तापलेल्या भिंतीची धग ती थोडी अडवतात. मात्र कपाट आणि बाहेरची भिंत यांच्यात दोन-तीन इंचांची फट हवीच. पावसाळ्यात तिथे हवा खेळली नाही तर कपाटाच्या पाठीला बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येऊ लागतो.

खोली का घुमते

रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. आवाज भिंतींवर आपटत राहतो. खोली परकी वाटण्याचं निम्मं कारण हेच असतं, आणि त्याकडे क्वचितच कोणाचं लक्ष जातं.

या घुमण्याचं गणित अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मांडलं गेलं. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडत. १८९५मध्ये हे दुरुस्त करण्याचं काम वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि एकेक वाढवत, ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजलं. पहाट होण्याआधी गाद्या परत जागेवर ठेवाव्या लागत. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका आवाज जास्त घुमतो, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो लवकर विरतो.

आपल्या खोलीचं घनफळ २,५२० घनफूट. चार भिंती, छत आणि फरशी मिळून ११४४ चौरस फूट. गिलावा आणि फरशी आवाजाचे शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग शोषतात, म्हणजे एवढ्या सगळ्या पृष्ठभागाचं शोषण ३४ चौरस फुटांइतकंच भरतं. फुटांच्या मापात घनफळाला ०.०४९ने गुणून शोषणाने भागायचं. उत्तर येतं साडेतीन सेकंदांच्या वर. आता दोन खिडक्यांना जाड, चुण्यांचे पडदे लावा, पलंगावर गादी आणि रजई घाला, खाली सतरंजी अंथरा, भिंतीवर गोधडी टांगा. शोषण सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास जातं आणि तोच आवाज एका सेकंदात विरतो. एकही महाग वस्तू न आणता खोली शांत झाली.

म्हणून मोठ्या खोलीसाठी खर्चाची यादी करताना कापड वर ठेवा आणि लाकूड खाली.

भिंतीची तब्येत

रंगाच्या दुकानात जाण्याआधी तीन तपासण्या करा.

पहिली ओलीची. जिथे शंका आहे तिथे फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर दमटपणा हवेत आहे. आतल्या ओलीवर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. पाणी बाहेर येताना रंग फुगवतं, पोपडे निघतात, आणि विटेतले क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा धरतो. गच्चीची गळती, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा फुटलेला पाइप आधी दुरुस्त करा, भिंत सुकू द्या, मगच ब्रश हातात घ्या.

दुसरी चुन्याची. जुन्या घरात भिंतीला वर्षानुवर्षं चुना दिलेला असतो. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर दाबून झटक्यात ओढा. पट्टीला पांढरी पूड चिकटून आली तर त्या थरावर इमल्शन टिकणार नाही, कारण रंग भिंतीला धरायच्या ऐवजी पुडीला धरेल. सुटा चुना पत्र्याने खरवडा, भिंत ओल्या फडक्याने पुसा, सुकवा आणि प्रायमर द्या. किंवा चुनाच पुन्हा द्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीला सहसा थारा मिळत नाही. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला तोच सर्वांत योग्य.

तिसरी जुन्या ऑइलपेंटची. दारं-खिडक्या आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर पूर्वी शिसं असलेला रंग असण्याची शक्यता असते. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा भारतातला नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पाण्याचा वापर करून ओला घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, गाळ ओल्या फडक्याने उचला आणि काम पुरं होईपर्यंत मुलांना व गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

रंगकामाचा आपला रिवाज दसरा-दिवाळीचा. पण पावसाचा मारा खाल्लेली पश्चिमेची भिंत तोवर सुकलेली असेलच असं नाही, विशेषतः कोकणात. प्लॅस्टिकच्या तुकड्याची तपासणी तिथे कौल देते. भिंत ओली निघाली तर दिवाळीला पडदे बदला आणि रंग जानेवारी-फेब्रुवारीत काढा.

रंग किती आणि कुठे

चार भिंतींचं क्षेत्रफळ ६४० चौरस फूट. त्यातून एक दार आणि दोन खिडक्यांचे साठेक चौरस फूट वजा करा. उरले ५८०. चांगल्या पुट्टीच्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांसाठी साधारण १२० चौरस फुटांना पुरतं. नेमका आकडा डब्यावर असतो, तो वाचून घ्या. म्हणजे पाच लिटर. छताचे २५२ चौरस फूट, त्याला दोन लिटरांच्या किंचित वर.

हा सगळा रंग उबदार पांढरा किंवा फिका पिवळसर घ्या. मग वाटणीचा रंग वेगळा. झोपण्याच्या अर्ध्या भागात, उशाकडच्या भिंतीवर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नऊ-नऊ फूट, जमिनीपासून चार फूट उंचीचा पट्टा गडद रंगाचा द्या: गेरूचा तांबूस, शेवाळी हिरवा किंवा मंद निळा. पूर्वी घरोघर खालचा पट्टा ऑइलपेंटचा असे, भिंत हाताने मळू नये म्हणून. इथे तो पलंगाला तीन बाजूंनी कुशीत घेतो आणि दहा फूट उंच भिंत माणसाच्या मापात आणतो. क्षेत्रफळ भरतं १२८ चौरस फूट. त्यातून दार-खिडकीखालचा भाग वजा केला तर एक लिटर रंग पुरतो. काही गडद छटांना तिसरा हात लागतो, त्याची तयारी ठेवा.

छटा निवडताना शेडकार्डाच्या बोटभर चौकोनावर विसंबू नका. तोच रंग मोठ्या भिंतीवर कितीतरी गडद वाटतो. छोटा नमुना डबा आणा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन फुटी चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून पाहा. उत्तरेच्या खिडकीतला उजेड निळसर आणि स्थिर असतो, त्यात थंड रंग उदास दिसतात. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी तांबूस ऊन येतं आणि पिवळा रंग नारिंगी भासतो.

दोन हात

सामान मधोमध आणून जुन्या चादरींनी झाका. स्विचबोर्डच्या कडांना मास्किंग टेप लावा. भेगा आणि खिळ्यांची भोकं लांबीने किंवा पुट्टीने भरा, सुकल्यावर १८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. दिवा भिंतीला अगदी जवळून, आडवा धरला की उंचवटे सावल्यांनी लगेच दिसतात. धूळ पुसून प्रायमरचा एक हात द्या.

आधी छत, मग भिंती. एकाच छटेचे दोन-तीन डबे असतील तर सगळा रंग मोठ्या बादलीत एकत्र करा, कारण वेगवेगळ्या वेळी मिसळलेल्या डब्यांत सूक्ष्म फरक असू शकतो आणि तो भिंतीच्या मध्यावर उघडा पडतो. कोपरे आणि कडा दोन इंची ब्रशने करून घ्या, मग लगेच रोलर चालवा. कडेचा रंग ओला असतानाच रोलरचा रंग त्यात मिसळला पाहिजे, नाहीतर सुकल्यावर चौकटीसारखी रेघ दिसते. याच कारणासाठी काम चालू असताना पंखा बंद ठेवा आणि एक भिंत मधेच सोडून जेवायला उठू नका. दोन हातांमध्ये चार-सहा तासांचं अंतर ठेवा.

पट्ट्याची रेघ सरळ येणं हा या कामाचा कस आहे. फरशी समपातळीत असतेच असं नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी जमिनीपासून टेपने मोजू नका. गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळी आणा. एका कोपऱ्यात चार फुटांवर खूण करा, नळीचं एक टोक तिथे धरा, दुसरं टोक पुढच्या कोपऱ्यात न्या. दोन्हीकडचं पाणी थांबलं की ते एकाच पातळीत असतं. तिथे खूण करा. दोन खुणांमध्ये खडूत बुडवलेला दोरा ताणून धरा आणि मधून उचलून सोडा. भिंतीवर बारीक, सरळ रेघ उठते.

त्या रेघेवर मास्किंग टेप लावा आणि तिची खालची कड नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने घट्ट दाबून घ्या. आता गडद रंग लगेच लावू नका. आधी वरच्या पांढऱ्या रंगाचाच एक पातळ हात टेपच्या कडेवरून फिरवा. टेपखाली जी काही सूक्ष्म फट असेल ती हा पांढरा रंग बुजवतो. तो सुकला की गडद रंगाचे दोन हात द्या आणि दुसरा हात ओला असतानाच टेप तिरकी, सावकाश ओढून काढा. निघते ती रेघ सुरीने कापल्यासारखी असते. पूर्ण सुकेपर्यंत थांबलात तर टेपबरोबर रंगाची साल निघते.

उजेडाची वाटणी

एका ट्यूबलाइटने सगळी खोली सारखी उजळते, म्हणून ती सपाट दिसते. तीन-चार लहान दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावले की प्रत्येक कोपऱ्याला आपली जागा मिळते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा, खुर्चीच्या मागे खांद्याच्या वर एक वाचायचा दिवा, कपड्यांच्या कपाटापाशी एक. ट्यूबलाइट झाडलोटीसाठी आणि हरवलेली वस्तू शोधण्यासाठी राहू द्या.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर. झोपायच्या खोलीत पिवळसर घ्या. डोळ्यांतल्या काही पेशी निळ्या उजेडाला, विशेषतः ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, फार संवेदनशील असतात. तो उजेड रात्री डोळ्यांत गेला की मेंदू झोपेचं मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवणं लांबवतो. छतावरचा दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येत नाही ना, हेही पाहा. तसा आला तर खोलीभर सावल्या फिरतात आणि डोकं दुखतं.

भिंतीवर काय

सोलापूरची जकार्ड विणीची चादर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. तिचा जाडपणा पडद्याला उत्तम. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच जास्त घ्या, म्हणजे पडदा सरकवल्यावर काच झाकली जात नाही आणि खिडकी मोठी दिसते. पडद्याचं कापड दांडीच्या लांबीच्या दुप्पट हवं, तरच चुण्या पडतात. आवाज शोषतात त्या चुण्याच.

उशाच्या भिंतीवर आईची किंवा आजीची गोधडी लावा. तिला खिळे ठोकू नका, वजनाने कापड फाटतं. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंच रुंदीचा नेफा हाताने शिवा आणि त्यात दांडी ओवा. भार सगळ्या कडेवर सारखा वाटला जातो.

वारली चित्र हवं असेल तर ते पालघर-डहाणू भागातल्या चित्रकाराकडून विकत घ्या. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कुडाच्या भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक हा वारली समाजात विधीचा भाग आहे, सवाष्ण बायका तो काढतात. सजावट म्हणून त्याची नक्कल करणं टाळावं.

भोक पाडताना एक नियम पाळा: स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू नका. वायरी बहुधा तिथूनच जातात. काम सुरू करण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करा आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वायर आणा. उंच कपाट भिंतीला वरून पट्टीने पक्कं करा, म्हणजे मूल खणावर चढलं तरी ते पुढे कलंडणार नाही.

नवे पॉइंट काढणं, भिंत फोडणं आणि गच्चीची गळती ही तीन कामं जाणकाराकडे द्या. बाकी सगळं घरच्यांनी वाटून घ्या. घासायचं काम एकाने, रोलर दुसऱ्याने, नळीचं दुसरं टोक तिसऱ्याने. क्रम मात्र मोडू नका: नकाशा, ओल, रंग, उजेड, कापड आणि सगळ्यात शेवटी फर्निचर. रंग आणि कापड झाल्यावर महिनाभर त्या खोलीत राहा. तोवर एकही नवी वस्तू विकत घेऊ नका. आधी जे जे हवंसं वाटत होतं त्यातलं निम्मं सामान लागतच नाही, हे त्या महिन्यात तुमचं तुम्हालाच कळेल.